पाण्याचं वॉर्निश

१

आनंदा मढवी मेला तो इस्त्रीचा सदरा अंगात घालून.

नेऱ्याच्या नव्या फार्महाऊसमध्ये, आपल्या खोलीत, आपल्याच पलंगावर, पांघरूण गळ्यापर्यंत घेऊन म्हातारा असा सरळ निजला होता की बघणाऱ्याने म्हणावं, काय सुखाचं मरण आलं! दुपारी त्याची बायको जनी गावातल्या जुन्या घरून भाकरी-कालवण घेऊन आली, कुलूप काढून आत गेली, आणि तिच्या हंबरड्याने अर्धं नेरे गोळा झालं. डॉक्टरने सांगितलं, दम्याचा झटका. एकुलता एक मुलगा धनेश म्हणाला, झटका कसला, पांडू कातकऱ्याने मारला माझ्या बापाला.

स्नेहल घरत ही तालुका पोलीस ठाण्याची फौजदार. मूळची ओवे गावची, म्हणजे मढव्यांच्याच जातीची. आपलीच पोरगी आली म्हणून धनेशने खुर्ची पुसून दिली, थंडा मागवला, आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. हॉलला जहाजावरच्या जुन्या सागाच्या फळ्यांची जमीन केली होती. मुलीचा, समृद्धीचा, साखरपुडा त्याच जमिनीवर व्हायचा होता. बापाला दमा, म्हणून बिनवासाचं, पाण्याचं वॉर्निश पांडूला आणून दिलं होतं. पांडूने तो डबा लंपास केला आणि कुठल्याशा कामावरचं उरलेलं थिनरचं वॉर्निश फासलं. धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावल्या, दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कुंडीखाली ठेवली आणि गेला. आत म्हातारा एकटा आणि तो थिनरचा वास.

"आणि तुम्ही?"

"मी जासईला, मॅडम. आमच्या यार्डात गाड्या भरायला लागल्या होत्या. दुपारी आईचा फोन आला तवा आलो."

तेवढ्यात वरच्या साहेबांचाही फोन आला. पांडूला उद्या कोर्टात उभा करा आणि विषय मिटवा. मढवी मोठा माणूस, त्याला चार ठिकाणी उत्तरं द्यायला लावू नका. साहेबांना न्यायाची अशी घाई वर्षातून एखाद वेळेलाच होते, आणि तेव्हा पलीकडे कुणीतरी मोठाच माणूस असतो.

स्नेहलने फोन ठेवला आणि म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा सदरा घालून कोण झोपतं? मग तिने पायावरचं पांघरूण उचललं. जन्मभर मिठागरात आणि शेतात राबलेले पाय. टाचांना भेगा, नखं काळी, आणि तळवे मात्र घासूनपुसून लख्ख. उजव्या टाचेच्या एका भेगेत काहीतरी पिवळं चकाकत होतं. तिने नखाने टोकरून पाहिलं, तर सुकलेलं वॉर्निश.

म्हातारा ओल्या जमिनीवरून चालला होता. आणि बाहेर, हॉलच्या त्या काचेसारख्या जमिनीवर, एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

२

हॉलला दोनच दारं. एक पुढचं, पडवीत उघडणारं. दुसरं समोरच्या भिंतीला, म्हाताऱ्याच्या खोलीचं. मधे सगळी लाकडी जमीन. खोलीला जोडून मोरी होती, म्हणून शेवटचा हात मारायच्या आधी म्हाताऱ्याला आत बसवलं आणि सांगितलं, आता सकाळपर्यंत बाहेर यायचं नाही. स्वतःच्या घरात माणूस कोंडून ठेवायची ही सोय सगळ्यांना अगदी साधी वाटली होती.

"याचा दम्याचा पंप कुठे आहे?" स्नेहलने हवालदार काशिरामला विचारलं.

तोंडात धरून दाबायचा तो छोटा निळा पंप खोलीत नव्हता. शोधता शोधता पडवीत सापडला. हॉलमधलं सामान, टीव्ही, शोकेस सगळं तिथे काढून ठेवलं होतं, आणि पंप शोकेसवर नेहमीच्या जागी तसाच होता. म्हातारा दिवसभर टीव्हीसमोर बसायचा, त्यामुळे पंपही तिथेच राहायचा. सामान हलवणाऱ्यांनी शोकेस हलवलं, पंपाचा विचार कुणी केला नाही.

म्हणजे श्वास कोंडल्यावर तो पंपासाठी दारापर्यंत आला होता. मग तो पलंगावर कसा गेला? आणि पावलं कुठे गेली?

स्नेहल गुडघ्यावर बसली आणि जमिनीला गाल लावून उजेडाच्या दिशेने बघू लागली. काशिरामला वाटलं, बाई चक्रावल्या. पण वॉर्निशच्या बाबतीत स्नेहलने स्वतः हात पोळून घेतले होते. ओव्याच्या घरी माडीवर तिने लाकडी जमीन करून घेतली आणि मोठ्या हौसेने वॉर्निश स्वतः मारलं. मोबाइलवर बघून! नवशिक्याच्या सगळ्या चुका तिने एका दुपारी उरकल्या. सुरुवात केली ती दारापासून, आणि शेवटी भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात अडकली. खालून आई जेवायला हाका मारतेय आणि फौजदारसाहेब वर कोपऱ्यात उपाशी. घरादाराला महिनाभर हसायला विषय झाला.

म्हणून तिला ते लगेच दिसलं. रंगारी नेहमी आतल्या भिंतीपासून निघतो, मागे मागे सरकत दाराबाहेर पडतो, आणि त्याच्या कामाचा शेवट उंबऱ्याशी होतो. इथे शेवट म्हाताऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी होता. तिथे ब्रश थांबल्याची जाड, लाटेसारखी कड सुकून राहिली होती. पुढच्या दारापासून सुरुवात, आणि आतल्या दाराशी शेवट.

तिने मान वर केली तर जनी शेजारी येऊन उभी. म्हातारीने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"गो बाय, कशाला बघतेस जमिनीकडं? माजा माणूस गेला. त्या पांडूला टाक आत नि आमाला सुखानं रडू दे."

"काकी, कुलूप काढल्यावर तुम्ही कशाला हात लावलात का?"

"पायांवर डोकं ठेवलं. बाईमाणूस आनि काय करील?"

स्नेहलने आपला हात सोडवून घेतला. म्हातारीच्या बोटांना थिनरचा वास येत होता.

३

पोलीस ठाण्याच्या पायरीवर शुक्री बसली होती, पांडूची बायको. ती आदल्या दिवसापासून तिथून हलली नव्हती. स्नेहल दिसताच उठली.

"बाय, त्यो काल सकाळी पनवेलच्या नाक्यावर मजुरीला हुबा हुता. समद्यांनी बगितला. खोटं वाटत आसंल तर इचारा."

"विचारलं. खरं आहे." काशिराम नाक्यावर जाऊन आला होता. पहाटेपासून भर दुपारपर्यंत पांडू तिथे होता, काम न मिळून परतला होता.

शुक्रीच्या चेहऱ्यावर जराही आनंद दिसला नाही. खरं असण्याचा तिला आजवर काही उपयोग झालेला नसावा.

आत पांडू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. वयाच्या मानाने वाळलेला, हाताच्या रेषांत वॉर्निश भरलेलं.

"थिनरचा डबा कुणी दिला तुला?"

"शेटनी. धनेशशेटनी."

"ते म्हणतात, त्यांनी पाण्याचं दिलं आणि तू ते पळवलंस."

"आसंल."

"असेल म्हणजे काय? दिलं की नाही दिलं?"

"नाय दिलं."

"सुरुवात कुठून केलीस?"

"म्हाताऱ्याच्या दारापासनं. मागं मागं येत भायेर."

"काल सकाळी परत गेला होतास?"

"नाय."

"अरे, मग हे आधीच का नाही सांगितलंस? आज तुला कोर्टात उभा करणार आहेत. कळतंय का तुला? तुरुंगात जाशील."

पांडूने उजव्या तळव्यावरचं वॉर्निश नखाने खरवडलं. मग म्हणाला, "जाऊ दे, बाय. म्हातारा माज्यामुळंच मेला."

एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

४

असला कबुलीजबाब साहेबांच्या कानावर गेला असता तर त्यांनी पेढेच वाटले असते. स्नेहलने तो कुणाला सांगितला नाही आणि पुन्हा नेऱ्याला निघाली. तिला आता एका डब्याचा शोध घ्यायचा होता.

धनेशची बायको समीक्षा मागच्या अंगणात साखरपुड्यासाठी आणलेल्या प्लास्टिकच्या माळा पोत्यात भरत होती. शिकलेली, नेटकी बाई. डोळे रडून सुजलेले, पण बोलणं सावध.

"डबा कुठला मारला ते मला नाही माहीत. ते सगळं हेच बघतात."

"पाण्याचं वॉर्निश विकत कुणी आणलं?"

माळ भरता भरता ती थांबली. "मी. पनवेलहून. बाबांच्या दम्यामुळे मीच म्हटलं होतं, वास नसलेलं घेऊ."

"आणि यजमान काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला काय शायनिंग येणार? सोयऱ्यांच्या घरात इटालियन मार्बल आहे आणि आपण मळकी जमीन दाखवायची का? मग हे स्वतः जाऊन थिनरचं घेऊन आले." एवढं तोंडातून गेल्यावर ती दचकली. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, पोतं बाजूला ठेवून ती सरळ उभी राहिली. "मॅडम, मी भांडले होते त्यांच्याशी. बाबांना पहिल्या हाताच्या वेळीच खोकल्याची उबळ आली होती. हे म्हणाले, एका रात्रीने कुणी मरत नाही."

"मग तुम्ही आणलेला डबा गेला कुठे?"

"दुकानात परत करायचा म्हणून यांच्या गाडीच्या डिकीत होता. पांडूला तो कधी दाखवलासुद्धा नाही."

"तुम्ही काल सकाळी कुठे होतात?"

"गावातल्या घरी. आई, मी, समृद्धी, वीस बायका. संध्याकाळी पाहुणे घर बघायला येणार होते, त्यांच्यासाठी करंज्या चालल्या होत्या. हे फोनच उचलत नव्हते. फुलं आणायची होती, मी सारखी लावत होते." तिने स्नेहलकडे पाहिलं. "यार्डात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, शेट आज आलेच नाहीत."

५

स्नेहलने तिघांना पडवीत बोलावलं. धनेश हातात पाहुण्यांची यादी असल्यासारखा मोबाइल घेऊन उभा राहिला, जनी खांबाला टेकून बसली, समीक्षा नवऱ्यापासून लांब, पायरीवर.

"धनेशभाऊ, पाण्याचा डबा कुठे आहे?"

"सांगितलं ना. पांडूने पळवला."

"तुमच्या डिकीतून?"

धनेशने बायकोकडे पाहिलं. समीक्षाने मान फिरवली नाही.

"मी... मी दुकानात परत केला तो."

"कुठल्या दुकानात? काशिराम आत्ता जाऊन येईल. नाहीतर नको, राहू दे. डबा कुठे आहे ते मीच दाखवते."

पुढच्या दाराच्या उंबऱ्याजवळ, जिथे म्हाताऱ्याला नेणाऱ्या स्ट्रेचरचा पाय घासला होता, तिथे जमिनीवरचा एक पापुद्रा सुटून वळला होता. स्नेहल खाली बसली, तो चिमटीत धरला आणि हलकेच ओढला. दुधावरची साय निघावी तशी एक पारदर्शक पट्टी सरसर निघून आली. काशिरामच्या तोंडून "अरे देवा" निघालं. खाली, थिनरच्या पिवळ्या वॉर्निशमध्ये, पाचही बोटांसकट अनवाणी पाऊल रुतलं होतं. तिने आणखी ओढलं. दुसरं पाऊल. तिसरं. आतल्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, आधी लांब लांब आणि मग जवळ जवळ, फरफटत आलेली पावलं. परत आत जाणारं मात्र एकही नव्हतं.

"थिनरचं वॉर्निश पुरतं सुकायच्या आत त्यावर पाण्याचं मारलं की ते धरत नाही," स्नेहल म्हणाली. "मी माझ्या घरी हीच माती खाल्ली, म्हणून ठाऊक. हा तुमचा डबा, धनेशभाऊ. तुमच्या बायकोने सासऱ्याचा जीव वाचावा म्हणून आणलेला. तो नेऱ्यात एकच होता आणि तुमच्याच गाडीत होता."

"कुणीही मारलं असेल. पांडूने..."

"पांडू काल सकाळभर नाक्यावर होता. आणि रंगारी दारापासून सुरुवात करत नाही. ज्याने जन्मात ब्रश धरला नाही, तो करतो. ज्याला आधी दाराजवळची पावलं झाकायची आहेत, तो करतो. पुढे सरकत सरकत तुम्ही बापाच्या खोलीशी पोचलात आणि मागे बघता तर सगळी जमीन ओली. बाहेर पडायला वाट नाही. मग काय केलंत? सुकेपर्यंत आत बसलात ना? म्हणून फोन उचलला नाहीत. बाप पलंगावर मरून पडलेला, आणि तुम्ही त्याच्या शेजारी जमीन वाळायची वाट बघत."

समीक्षाने तोंडावर हात घेतला. धनेशने मोबाइल बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. तो आता मोठा माणूस दिसत नव्हता.

"मी मारलं नाही त्यांना," तो म्हणाला. "मी रात्री इथेच पडवीत होतो. मॅच बघत होतो. बाबा दार ठोकायला लागले. मला वाटलं, झाला यांचा हट्ट सुरू. पहिल्यापासून नको होती त्यांना ती जमीन, घसरून पडेन म्हणायचे. आत जमिनीवर पावलं उमटली असणार हे समजून मी ओरडलो, बाबा, वाट लावलीत सगळी, मागं जावा. ते ठोकतच राहिले. मी टीव्ही मोठा केला. मग ठोकणं थांबलं."

"आणि सकाळी?"

"दार उघडलं तर दाराला टेकूनच बसलेले. उचलून नेलं. कपडे सगळे चिकटले होते, म्हणून सदरा बदलला." तो हुंदके द्यायला लागला, पण बोलायचा थांबला नाही. "संध्याकाळी पाहुणे येणार होते, मॅडम. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"सदरा बदललात. पाय पण तुम्हीच पुसलेत?"

पायांना वॉर्निश लागलं असेल हे धनेशला आत्ता विचारल्यावर कळत होतं. बापाच्या पायांशी त्याचा संबंध कधी आला होता?

"पाय मी पुसले," जनी म्हणाली.

ती खांबाला धरून उठली. "डोकं ठेवलं नि कपाळाला चिकट लागला. तवाच समजलं, म्हातारा चालत आलता आणि दार कुनी उघडलं नाय. पडवीत कोन झोपतो ते मला म्हाईत नाय काय? थिनरची बाटली घेतली नि पुसले. तू काय केलं आसतंस?"

"काकी, पांडू तुरुंगात गेला असता."

"बापूस गेला, आता पोरगा पन घालवू? नातीचा साखरपुडा मोडू?" म्हातारीने पुन्हा तिचा हात धरला. आवाज एकदम मऊ केला. "तू आपली हायस, बाय. कातकऱ्याचं काय जातं? आत त्याला दोन टाइम जेवाय तरी मिलंल."

स्नेहलच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिने हात झटकून टाकला आणि पडवीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी भाकऱ्या थापल्या, तो माणूस दाराआड तडफडून मेला, आणि या बाईला राग येत होता तो तपास करणारीचा. आपल्या ओव्याच्या घरातही असंच कुणीतरी म्हणालं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिची आईसुद्धा म्हणाली असती. काशिरामला तिने गाडी दाराशी लावायला सांगितली.

६

साहेबांनी आधी आदळआपट केली, मग त्या सोललेल्या पट्टीखालच्या पावलांचे फोटो बघून अटकेच्या कागदावर सही केली. धनेशला आत घेतलं. पांडूला सोडायचं ठरलं. फक्त त्याचा जबाब बाकी होता, म्हणून स्नेहलने त्याला आणि शुक्रीला समोर बसवलं, चहा मागवला.

"तुझ्यावर आता काही नाही, पांडू. सगळं निघालं बाहेर. धनेशने कबूल केलंय. आता सांग, मला म्हणालास तो तुझ्यामुळे मेला, ते काय होतं?"

चहा तसाच ठेवून पांडू बोलायला लागला.

"शेवटची फळी मारून मी उंबऱ्याभायेर आलो. शेट टीवी लावून बसलेला. तवा म्हातारा आतल्या दारात येऊन हुबा ऱ्हायला. बोलला, पांडू, माजा पंप दे रे, शोकेसवर हाय. शोकेस माज्या हाताशीच. मी पंप उचलला. बोललो, शेट, हितनं टाकू का? म्हातारा झेलंल. शेट बोलला, खाली पडला तर पॉलिशवर चरा उठंल. ठेव तितंच, सकाळी घेईल."

स्नेहलचं पेन थांबलं. धनेशने बाकी सगळं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग ठेवला."

"हे कोर्टात सांगशील?"

"सांगन. पन मी ठेवला, ते पन लिवा."

"त्याची काही गरज नाही. तू टाकायला निघाला होतास, त्याने अडवलं. एवढंच लिहिते."

"त्यानं हात नाय धरला माजा. तोंडानं बोलला." पांडूने आपला उजवा हात टेबलावर ठेवला. "टाकला आसता तर शेट काय करनार हुता? शिव्या घातल्या आसत्या. पुन्ना पॉलिश कराय लावलं आसतं. मी पन जमिनीकडंच बगितलं, बाय. माजंच काम हुतं, लई झकास जालं हुतं."

शुक्रीने त्याच्या दंडाला धरून ओढलं. "तोंड मिट तुजं. तुला सोडला ना त्यांनी? त्यांच्या घरचं कुनी बोललं का आसं? चल घरी."

"लिवा," पांडू म्हणाला.

स्नेहलने ते वाक्य न लिहिताच पेनला टोपण लावून ते खिशात अडकवलं आणि सांगितलं, तुम्ही आता घरी जा. शुक्री दारापर्यंत गेली, वळून पाहिलं, पुन्हा हाक मारली. पांडू बाकावरून उठला नाही.